एस. डी. यांची न काढायची ओळ

मंजुषा बिराजदार लातुरात वरच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं खोडते आणि त्याचा तिला पगार मिळतो, ही गोष्ट तिच्या सासूबाई गौरम्मा यांनी गल्लीपासून कधी लपवून ठेवली नाही. शेजारची सून बँकेत होती, पलीकडची क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. त्यांचं एका शब्दात भागायचं. मंजुषाचंही गौरम्मा एकाच शब्दात भागवायच्या. "खोडती." ऐकणारीला वाटे, पुढं काहीतरी येईल. पुढं काही येत नसे.

बोलणं खोटंही नव्हतं. मंजुषा काम करायची एका लिंकरवर. प्रोग्राम एकसंध जन्माला येत नाही. त्याचे तुकडे निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या वेळी, बहुधा एकमेकांशी न बोलता लिहिलेले असतात. ते जोडून देणारा जो प्रोग्राम, तो लिंकर. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखाच हा धंदा आहे. जमलं तर कुणी नाव घेत नाही, आणि फिसकटलं की पहिल्या शिव्या त्यालाच.

तिनं एकदा सासूबाईंना त्यातलं रिलोकेशन समजावून सांगितलं होतं. एका तुकड्यात लिहिलेलं असतं, अमक्याला हाक मारा. पण तो अमका मेमरीत कुठल्या जागी राहायला येणार, हे प्रोग्राम सुरू होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणून लिंकर तिथं कोरी जागा सोडतो आणि पत्ता मागाहून भरला जातो.

"आमच्या मावशीला किल्लारीत भूकंपानंतर नवं घर मिळायचं होतं तवा तसंच होतं की," गौरम्मा म्हणाल्या. "पत्रिकेवर नाव घालायचं, घर नंबर कोरा ठिवायचा."

"तेच, अव्वा."

"मंग ह्यात खोडायचं काय हाय?"

खोडायचं होतं ते असं. कोऱ्या जागा सोडायच्या तर किती सोडायच्या, हे आधी मोजावं लागतं. हा लिंकर झाडून साऱ्या जातींच्या प्रोसेसरसाठी चाले. फोनातल्या, सर्व्हरमधल्या, आणि आता फक्त भंगाराच्या दुकानात भेटणाऱ्यांसाठीसुद्धा. मोजण्याची रीत सगळ्यांची एकच. पण गेल्या तीसेक वर्षांत जो जो नवा प्रोसेसर आला, त्याच्या माणसानं शेजाऱ्याची मोजणी जशीच्या तशी उतरवून घेतली, वरचं नाव बदललं आणि आपली म्हणून ठेवून दिली. परीक्षेत पुढच्या बाकावरच्याचं उतरवताना त्याचा रोल नंबरही उतरवणारी मुलं असतात. ती पुढं कुठं जातात, याचा शोध मंजुषाला इथं लागला. एका प्रोसेसरच्या मोजणीत तिसऱ्याच प्रोसेसरचं नाव टिपणीत तसंच राहिलेलं होतं आणि ते कुणाला खटकलं नव्हतं.

तिनं ठरवलं, ही मोजणी एका जागी ठेवायची आणि बाकीच्या साऱ्या उतरवलेल्या प्रती काढून टाकायच्या. नवरा सोमेश याचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. त्यानं जेवताना हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघ बाई. आमच्याकडं पन समद्या कंपन्यांची नळी एकच असती. जोड तेवढा मुद्दाम येगळा करत्यात."

"का?"

"मालकाला इचारलं तर म्हनतो, काहीतरी कारन असंल."

मंजुषाची पुण्याची कंपनी या कामाचे पैसे देत होती, पण नाखुशीनं. यंदा त्यांनी सांगून टाकलं होतं. लिंकरची नवी आवृत्ती निघतेय, तिच्यात ही साफसफाई गेली तर हे काम पुढं चालेल, लातुरातूनच चालेल. नाही गेली तर बाईंनी पुण्यात यावं आणि डॅशबोर्डच्या टीममध्ये बसावं. डॅशबोर्डच्या टीमचं काम म्हणजे रोज सकाळी उभं राहून गिऱ्हाइकाला आलेखाचा रंग आवडला का ते विचारणं. मंजुषानं लग्नाआधी पुण्यात काही वर्षं काढली होती. तिथं तिच्या 'हाव'ला लोक इतक्या प्रेमानं हसायचे की तिनं 'हो' म्हणायला शिकून घेतलं आणि लातूरला परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते सोडून दिलं. शिवाय दुकान काही पुण्याला नेता येत नव्हतं. म्हणजे नवरा इथं, बायको तिथं, आणि गौरम्मा दोन्हीकडं नाराज.

या लिंकरच्या दुनियेत प्रत्येक प्रोसेसरला एक सांभाळणारा असतो. बिनपगारी. ज्याला पगार नसतो त्याचा शब्द जड असतो, हे देवस्थानच्या पंचांपासून सगळीकडं खरं आहे. प्रत्येकाची संमती मिळाल्याशिवाय त्याच्या घरातलं काही हलवायचं नाही, असा नियम. मंजुषानं एकेकाला पत्रं लिहिली, एकेकाची समजूत काढली. उन्हाळा त्यात गेला, गणपती त्यात गेले, दिवाळीच्या करंज्या गौरम्मांनी एकटीनं तळल्या आणि तसं चारचौघींत बोलूनही दाखवलं. शेवटी सगळे हो म्हणाले. एक सोडून.

तो एक म्हणजे एस. डी.

तिथं सगळे आद्याक्षरांनी वावरत आणि इंग्रजीत लिहीत. मंजुषाही तिथं आपल्या नावातलीच दोन अक्षरं उचलून 'एम. जे.' झाली होती. एस. डी. एका जुन्या, बुटक्या प्रोसेसरचा सांभाळणारा होता. त्याच्या मोजणीच्या शेवटी एक ओळ जास्तीची होती, बाकी कुणाकडं नसलेली. झालेल्या मोजणीतून ती काहीतरी वजा करायची. वर टिपणी होती: 'काढू नये.' बस.

मंजुषानं विचारलं, ही ओळ का आहे?

एस. डी. नं लिहिलं, कारण आहे म्हणून.

कारण कोणतं?

यावर जे उत्तर आलं, ते तिनं सोमेशला वाचून दाखवलं. "कारण मला आता आठवत नाही. कारण होतं, हे मात्र स्पष्ट आठवतं."

"हा मानूस कुठला?" सोमेशनं विचारलं.

"फिनलंडचा असावा. नमस्कार न्हाई, चमत्कार न्हाई. बर्फातच असं होत असंल."

पुढं पत्रापत्री वाढली तशी धारही वाढली. तिनं लिहिलं, विनाकारण ओळ ठेवणं ही अंधश्रद्धा आहे. त्यानं लिहिलं, काढून बघण्याची हौस असेल तर आपल्या घराचा खांब काढून बघावा. तिनं लिहिलं, उरलेले सगळे प्रोसेसर या ओळीवाचून सुखात आहेत. त्यानं लिहिलं, सुखात असणं आणि बरोबर असणं यांची गाठ कधी पडली होती ते एम. जे. यांनी कळवावं.

आवृत्ती गोठायची, म्हणजे त्यानंतर कुठलाही बदल न घेण्याची, तारीख जवळ आली. या सगळ्या मंडळींचा मुख्य नॉर्वेत राहणारा एक शांत गृहस्थ होता. त्यानं तारीख कळवली आणि विचारलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघं उपलब्ध असाल ना?

मंजुषानं कॅलेंडर पाहिलं आणि लिहिलं, त्या दिवशी आमच्याकडं स्थानिक सुट्टी आहे, मी दिवसभर नसेन.

एस. डी. चं उत्तर तिच्या आधीच येऊन पडलं होतं. त्या दिवशी आमच्याकडं स्थानिक सुट्टी आहे, मी दिवसभर नसेन.

मुख्यानं सभ्यपणे विचारलं, ही सुट्टी कुठल्या देशाची? माझ्या कुठल्याच कॅलेंडरात ती सापडत नाही.

सापडणार नव्हतीच. ती मार्गशीर्ष अमावस्या होती, म्हणजे येळवस. त्या दिवशी लातूर आणि आसपासचा मुलूख दुकानं ओढून घेतो, शाळा ओस पडतात, आणि झाडून सगळी माणसं शेतात जाऊन कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात आणि दिवस मावळेपर्यंत खातात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. पुण्यात विचारलं तर हा सण नाही. मुंबईत विचारलं तर अशी अमावस्याही नाही.

मंजुषानं एस. डी. चं उत्तर पुन्हा एकदा वाचलं. तासाभरानं तिच्या एकटीच्या पत्त्यावर एक ओळ आली, देवनागरीत.

'तुमचं शेत कुठं हाय?'

तिनं लिहिलं, 'उदगीरजवळ.'

'म्हंजे तासाभराचा रस्ता. मी देगलूरचा. येळवशीला या. भांडण समोरासमोर करू.'

फिनलंडचा गृहस्थ देगलूरचा निघाला, ही बातमी गौरम्मांना सांगितली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आंबील चांगली असती का त्यांच्यात?" आणि मी पण येणार, असं न सांगता सांगितलं. भांडण आणि आंबील एके ठिकाणी मिळत असताना घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

येळवशीला उदगीरच्या शेतात पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन झाले, आणि सोमेशनं गाडी काढली. वाटेत दोन शेतांतून हाका आल्या. येळवशीला हाकेवरून पुढं जाणं म्हणजे वैर घेणं. दोन्हीकडं उतरून बसावं लागलं. देगलूरच्या अलीकडं एस. डी. च्या बांधावर पोचले तेव्हा तिघांनाही वाकणं जड झालं होतं.

बांधावर साठीचा एक मनुष्य उभा होता. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. त्यानं सोमेशकडं पाहून हात जोडले.

"या, एम. जे."

"मी न्हाई," सोमेश म्हणाला. "ही."

त्यानं मंजुषाकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ आभाळाकडं. "मी श्रीमंत दगडोबा," तो म्हणाला. "मी तुमाला कॅनडाचा एखादा रिटायर मिल्ट्रीवाला समजत होतो."

"मी तुमाला फिनलंडचे."

"तिथं काय पिकतं?"

"म्हाईत न्हाई."

"मंग बरं केलं हितं आलात."

श्रीमंतराव तीन राज्यांच्या सीमेवरच्या डाळ मिलांचे आणि तेलघाण्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. त्या काट्यांत अजून तोच बुटका प्रोसेसर होता. नवा काटा घ्यायला मालक तयार नसत, म्हणून श्रीमंतराव जुन्यातच नवा प्रोग्राम बसवून देत, आणि त्यासाठी त्यांना लिंकर लागे. तो आपल्या प्रोसेसरसाठी कुणी सांभाळत नाही असं दिसल्यावर त्यांनी स्वतःच सांभाळायला घेतला होता. भांडणात पुरावा असावा म्हणून एका छोट्या काट्याचा बोर्ड त्यांनी पारड्यासकट शेतात आणला होता आणि तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून पांडवांच्या शेजारी मांडला होता. त्यालाही कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं.

"बसा, आदी जेवा," श्रीमंतरावांची बायको सिंधुबाई म्हणाली. "भांडायला अंगात ताकद पायजे."

तिघांच्या ताटांत तिनं जे वाढलं ते पाहून सोमेशनं कमरेचा पट्टा सैल केला. मागं भज्जीचं पातेलं अजून अर्धं भरलेलं होतं आणि उंड्यांची रास तर तशीच होती.

"बघा," श्रीमंतराव म्हणाले. "दर साली हेच. एक मानूस चार शेतांत जेवतो, आन चारी शेतांत त्याचा सैपाक व्हतो. मंग संध्याकाळी बैलं खात्यात. म्हनून मी हिला दर येळवशीला सांगतो, इसम मोजशील त्यातनं चौथाई कमी कर."

"करती की कमी," सिंधुबाई म्हणाली.

"मंग हे एवढं कसं उरतं?"

सिंधुबाईंनी आंबिलीचं भांडं गौरम्मांपुढं सरकवलं. बायकांचं बोलणं बायकांतच राहील अशा आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, ती म्हणाली, "हे चौथाई काटनार हे म्हाईतच असतं ना मला. म्हनून मी आदीच वाढवून धरती."

"किती सालांपासनं?" गौरम्मांनी रस घेऊन विचारलं.

"लगीन झाल्यापासनं."

श्रीमंतरावांचा घास हातातच राहिला. सोमेश खाली बघून हसला, कारण वर बघून हसणं बरं दिसलं नसतं.

"चांगलंच हाय," गौरम्मा म्हणाल्या. "ह्यांचा मान राहतो, लोकांचं पोट भरतं."

मंजुषा मात्र हसली नाही. तिच्या हातात उंडा होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. मग तिनं तो ताटात ठेवला, हात पुसले आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

"एस. डी.," ती म्हणाली, "तुमची ओळ वजा करती. मी महिनाभर विचारत राहिले, वजा का करती. हे कधीच विचारलं न्हाई की वर कुणी जास्ती धरलंय का."

"वर कोन धरंल? वरचं तर समद्यांचंच हाय. मी उतरवून घेतलेलं."

"तेच म्हणते."

दोघं लॅपटॉपवर वाकली. वरचं म्हणजे सगळ्यांचं मोजणं, उतरवत उतरवत आलेलं. त्यात एक प्रसंग होता. कधी कधी एकाच गोष्टीला दोन नावं असतात आणि ते मागाहून कळतं. मग दोन्ही नावांच्या मोजण्या एकत्र करायच्या. मोजणी दुसऱ्या नावात मिळवली जात होती, पण पहिल्या नावावरची पुसली जात नव्हती. तोच माणूस दोन्हीकडं जेवायला धरला जात होता. मोठ्या प्रोसेसरना मेमरी बक्कळ. चार कोऱ्या जागा जास्त सुटल्या तर त्यांना पत्ता नाही. बुटक्याला मात्र त्या डोईजड झाल्या असणार, आणि श्रीमंतरावांनी कधीकाळी वैतागून शेवटी एक वजाबाकी ठोकून दिली असणार.

"आठवलं का कारन?" सोमेशनं विचारलं.

"न्हाई," श्रीमंतराव म्हणाले. "पन हेच असंल. मी असाच हाय."

मंजुषाला मात्र दुसरंच टोचत होतं. आठ महिने तिनं सगळ्या प्रती ताडून पाहिल्या होत्या आणि जी रीत सगळ्यात जास्त ठिकाणी सापडली ती बरोबर धरून एका जागी आणली होती. म्हणजे चूक तिनं काढली नव्हती. गोळा केली होती. साऱ्या जगातली, एका सुंदर, नीटनेटक्या फाइलीत.

"मी बहुमत मोजलं," ती म्हणाली.

"बहुमतानं कवा काय बरोबर निघालंय," श्रीमंतराव म्हणाले. तिच्या पत्रांतली धार ते विसरले नव्हते, पण त्यांनी पुढं बोलायचं टाळलं. ताटावर बसलेल्या पाहुण्याला एवढी सूट असते.

तिनं पहिल्या नावावरची मोजणी पुसणारी ओळ वर घातली. मग खाली आली, 'काढू नये' वर बोट ठेवलं आणि श्रीमंतरावांकडं पाहिलं. त्यांनी शेतापलीकडं तोंड केलं, जसं घरचं जनावर विकताना करतात. तिनं ओळ काढली. प्रोग्राम जोडला, बोर्डात घातला. बोर्डावर आकडे लागले. श्रीमंतरावांनी काट्यावर एक उंडा ठेवला, मग दुसरा, मग दोन्ही काढले. आकडे चढले, चढले आणि शून्यावर आले.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"मंग पाठवा संमती. संध्याकाळी आवृत्ती गोठती."

"उद्या."

"उद्या काय उपयोग?"

"आवं बाई, मी समद्या दुनियेला लिहून दिलंय, आज सुट्टी हाय, मी न्हाई. आन आता मीच उत्तर दिलं तर? पुढल्या येळवशीला नॉर्वेवाला म्हनंल, तुमी तर उत्तर देता. सनाचा मान ऱ्हाईल का?"

मंजुषानं सांगितलं, माझं काम जाईल, मला पुण्याला जावं लागेल. श्रीमंतरावांना वाईट वाटलं. ते खरोखरच वाईट वाटल्यासारखे दिसले. पण शब्द म्हणजे शब्द. सोमेशनं हात जोडून पाहिले, सिंधुबाईंनी आंबील घालून पाहिली. श्रीमंतरावांनी आंबील घेतली.

"अमावस्या हाय म्हनून सुट्टी हाय ना?" गौरम्मांनी विचारलं.

"हाव."

"ती तर उतरली."

श्रीमंतरावांनी हातातली आंबील खाली ठेवली.

"सकाळी बघूनच निगाले मी. आज अमावस्या दुपारीच संपती. तुमी पहिला उंडा तोडला तवा पौषाचा पाडवा लागला होता." त्यांनी ओठ पुसले. "आता सुट्टी कशाची म्हनायची?"

सिंधुबाईंनी बांधावर जाऊन घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर फोनवर मागवून घेतलं, म्हणजे घरी शेजारणीला फोटो काढून पाठवायला लावला. श्रीमंतरावांनी चष्मा लावून तो फोटो मोठा करून पाहिला. तिथीची वेळ वाचली, हातातलं घड्याळ वाचलं, पुन्हा तिथीची वेळ वाचली. शब्दाचा मनुष्य शब्दानंच बांधला गेला की त्याला इतर कुठलीही पळवाट शोधता येत नाही.

"पाडव्याला सुट्टी असं मी कुठं लिवलं न्हाई," ते शेवटी म्हणाले.

मग बोर्डाची वायर काढून त्याच बॅटरीवर त्यांनी फोन लावला, इंग्रजीचा कीबोर्ड काढला आणि एका बोटानं संमती लिहिली. फक्त 'ओके'. खाली एस. डी. अशी सही. रेंज फक्त बांधावरच्या बाभळीपाशी मिळत होती, म्हणून मंजुषानं नवी मोजणी तिथूनच पाठवली आणि मागोमाग ते तिथं जाऊन हात वर करून उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आभाळाला काहीतरी मागतायत.

नॉर्वेहून उत्तर आलं तेव्हा मंडळी देगलूर सोडून उदगीरच्या रस्त्याला लागली होती. बदल स्वीकारला होता. खाली एक ओळ होती, सुट्टी लवकर संपलेली दिसते. मंजुषानं ते मोठ्यानं वाचलं, मग आणखी एकदा मनात वाचलं. पुण्याला कळवलं. पुण्याहून अंगठा वर केलेलं चित्र आलं. पुण्यात याहून जास्त कौतुक करत नाहीत.

"म्हंजे जायचं न्हाई ना?" सोमेशनं विचारलं.

"न्हाई."

"मंग जरा ह्या कमरेच्या पट्ट्याचं बघ, सीटखाली अडकून राहिलाय."

दुसऱ्या दिवशी लातुरात वरच्या खोलीत तिनं ईमेलची पेटी उघडली, तर साऱ्या मंडळींना उद्देशून एस. डी. चं इंग्रजी पत्र आलेलं होतं. नमस्कार नव्हता. एम. जे. यांनी सर्वांसाठी केलेली नवी मोजणी मी रात्री पुन्हा वाचली, त्यात लिहिलं होतं, आणि तिच्यातल्या एका नावाला माझी हरकत आहे. हरकतीचं कारण खाली दिलं आहे.

यावेळी कारण खरंच दिलं होतं. चांगलं पानभर. मंजुषानं खुर्ची पुढं ओढली, बाही वर केली आणि उत्तर लिहायला घेतलं: 'एस. डी. यांचा मुद्दा समूळ चुकीचा आहे.'